काना-कानाचा दोरा

गोजराबाईंशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि त्या भांडणात चूक माझी होती हे तोंडाने कबूल करायला मला अडीच वर्षं लागली.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मी नर्स म्हणून मुठा खोऱ्यातल्या उपकेंद्रात नुकतीच रुजू झाले होते. वय तेवीस, साडीला कडक इस्त्री, आणि शिकलेलं सगळं अजून पाठ. गावोगावच्या सुइणींना शिकवायचं सरकारी काम माझ्याकडे होतं. शाळेच्या पडवीत सात जणी येऊन बसल्या. ब्लेड उकळून घ्या, हात साबणाने धुवा, नाळेला राख लावू नका, असं सांगत सांगत मी बाळाच्या डोक्यापर्यंत आले. म्हटलं, "डोकं दाबून गोल करायचं नाही. ते आपोआप गोल होतं."

मागून एक उंच, काटक बाई म्हणाली, "आनि ज्येचं आपोआप हुत न्हाई, त्येचं?"

"सगळ्यांचं होतं."

"तुमी किती बघितली?"

बाकीच्या सहा जणी पदर तोंडाला लावून हसल्या. मला इतका राग आला, की त्या दिवशीचा वर्ग मी तिथेच आटोपला. खरं उत्तर द्यायचं तर तोवर मी तीस-चाळीस बाळं पाहिली होती. गोजराबाई पन्नाशीच्या होत्या आणि आसपासच्या पाच वाड्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती.

त्या बौद्धवस्तीत राहायच्या. छप्पन सालापासून त्यांच्या घरात अंगारा-धुपारा बंद, नवस-सायास बंद. बाळंतपण कुणाचंही असो, हाक आली की निघायच्या. वरच्या आळीतल्या घरांत मात्र त्यांना मागच्या दाराने जावं लागे. बाळंतिणीची सगळी घाण उपसणारा हात चालायचा, पण तो हात पुढच्या ओसरीला लागलेला चालायचा नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चडफडले. गोजराबाई म्हणाल्या, "बाळ कुटल्या दारानं आलं ह्ये त्येला ठावं नसतंय, नर्सबाई. त्येला नाळ कापनारी लागती."

त्यांचा आणखी एक उद्योग होता. ज्या बाळाला त्या न्हाऊ घालायच्या, त्याचं टोपडंही त्याच शिवायच्या, बाळंतिणीच्या जुन्या लुगड्याचं. माप दोऱ्याने घ्यायच्या. एक दोरा या कानापासून डोक्यावरून त्या कानापर्यंत, दुसरा भुवयांच्या मधून मानेच्या खळगीपर्यंत. बारशाला पहिलं टोपडं, दीड महिन्याला दुसरं, तीन महिन्यांनी तिसरं. दर वेळी नवे दोन दोरे. लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक बाळाच्या दोऱ्यांना त्याच्या आईच्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवायच्या. त्यांच्या घरात खुंट्यांवर अशा रंगीत चिंध्यांचे झुबके लोंबत असत. मला ते बघून हसू यायचं. मी वहीत आकडे लिहीत होते ना!

पण बाई हुशार होती, हे मला लवकरच कळलं. कोंडिबाच्या नातवाचं डोकं मागून उजवीकडे चपटं होत चाललं होतं. आजी म्हणे, मोहरीची उशी द्या. मी म्हणे, थांबा, होईल. गोजराबाई सरळ पाळण्याशेजारी जमिनीवर उताण्या पडल्या आणि बाळ जिकडे बघत होतं तिकडे बघू लागल्या. मग उठून म्हणाल्या, "दारात शेळ्या बांदल्यात. पोरगं दिसभर शेळ्या बघतंय. शेळ्या काय जागा सोडायच्या न्हाईत, तवा पोराला फिरवा." डोक्याची बाजू पायाकडे, पायाची डोक्याकडे. आता शेळ्या बघायच्या तर बाळाला मान डावीकडे करावी लागे. दोन-अडीच महिन्यांत चपटेपणा बराच उतरला. त्यानंतर मी वर्गात ही गोष्ट सांगू लागले, फक्त युक्ती कुणाची ते सांगायचं टाळायची. लाज वाटते, पण तसंच होतं.

ऐंशी सालच्या जुलैत वरच्या आळीतल्या हैबतरावांच्या घरी नात जन्मली. हैबतराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, भाताची खाचरं नदीपर्यंत. मुलगा सोपान, सून अनुसया. पहिलंच मूल आणि तीही मुलगी, म्हणून घरात फार उत्साह नव्हता. पोरीचं नाव केशर ठेवलं. तिचं डोकं लांबट होतं. गोजराबाई म्हणाल्या, वाटेत दाबलं गेलंय, आठ दिवसांत बसेल. पुष्कळ बाळांचं तसं असतं आणि बसतंही. केशरचं बसलं नाही.

मग घरात कारणांचा शोध सुरू झाला. अनुसयेची सासू सारजाबाई हिला कारण तयारच होतं. त्या फेब्रुवारीत सूर्याला मोठं ग्रहण लागलं होतं. भर दिवसा अंधारून आलं, लोक दारं लावून बसले. गोठ्यात वासराच्या गळ्याला दावं आवळलं, ते तडफडू लागलं, तेव्हा चार महिन्यांची पोटुशी अनुसया विळा घेऊन धावली आणि तिने दावं कापलं. वासरू वाचलं. आता सारजाबाई येता-जाता म्हणायची, "गिराणात कापलं हिनं, भोगतीया माझी नात." अनुसयेला वासराचं नावसुद्धा नकोसं झालं.

सारजाबाईने गोजराबाईंच्या मागे लकडा लावला, दाबून गोल कर. आणि गोजराबाईंनी दाबलं. माझा वर्ग, माझी बंदी, सगळं बाजूला ठेवून न्हाणीत तेल लावताना कपाळ आणि मागची बाजू हलक्या हाताने वीस दिवस दाबली. मग एके दिवशी थांबल्या आणि उपकेंद्रात आल्या.

"नर्सबाई, हैबतरावांच्या पोरीचं डोस्कं वायलं हाय. हाताला जुमानत न्हाई."

मी म्हटलं, "दाबत होता वाटतं? ते बंद करा. आणि कुशी बदलत राहा. होईल."

"सगळ्यांचं हुतंय, न्हवं?" असं म्हणून त्या गेल्या. मी तीनदा त्या घरी गेले, केशरचं वजन घेतलं, वजन छान होतं, वहीत लिहिलं. डोक्यावरून एकदाही बोट फिरवलं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस, भातकापणी ऐन भरात असताना, गोजराबाई पुन्हा आल्या. टेबलावर त्यांनी दोन झुबके ठेवले. हिरवी चिंधी केशरची, जांभळी चिंधी तिच्याच आठवड्यात जन्मलेल्या एका मुलाची. प्रत्येकाचे तीन वेळचे दोरे शेजारी शेजारी मांडले.

"ह्यो बघा पोराचा. कानाचा दोराबी वाढलाय, मानेचाबी. आता पोरीचा बघा. मानेचा लांबतुया. कानाचा जिथल्या तितं. आज तिसरं टोपडं नेहमीच्या अदमासानं शिवून घातलं, तर कानाशी ढगळ आनि मागं पुरंना. माझ्या हातनं आजवर असं टोपडं शिवलं न्हाई गेलं. टोपडं चुकलं न्हाई, नर्सबाई. डोस्कं रुंदीला वाढंना."

माझ्या वहीत केशरची तीन वजनं होती. या दोऱ्यांनी जे सांगितलं ते त्यात कुठेच नव्हतं.

मी तशीच उठले आणि गोजराबाईंबरोबर हैबतरावांच्या घरी गेले. अनुसयेने पोरीला मांडीवर दिलं आणि मी पहिल्यांदा तिच्या डोक्यावरून, कपाळाच्या वरून मागे, बोट फिरवलं. मधोमध हाडाची ताठ धार लागत होती. जिथे टाळू मऊ, धडधडती हवी, तिथे तीन महिन्यांच्या पोरीला टणक हाड होतं. कॉलेजात हे एकदा, एकाच तासाला, शिकवलं होतं. कवटी हे एक हाड नसतं, तुकडे असतात, त्यांच्यामधल्या शिवणी बाळपणी मोकळ्या असतात म्हणून डोकं वाढतं. एखादी शिवण आधीच जुळली, की डोकं त्या बाजूला वाढत नाही, दुसरीकडे पळतं.

ओसरीवर हैबतराव होते. मी सांगितलं, पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, बहुतेक शस्त्रक्रिया लागेल, आणि ती लवकर झालेली बरी.

"डोस्कं फोडनार पोरीचं?" हैबतराव म्हणाले. "मुलगी हाय. उद्या डोईवर पदर घील. झाकलं जाईल. कापनी पडलीया हितं आनि तुमी पुन्याच्या गोष्टी करताय."

मग त्यांची नजर अंगणात उभ्या असलेल्या गोजराबाईंवर गेली. "ए गोजरे! तूच दाबून दाबून वाट लावलीस न्हवं? सारजानं बघितलंय."

मी मधे पडायला तोंड उघडलं, पण गोजराबाईंनी हात वर केला.

"व्हय, दाबलं. वीस दिस दाबलं. नर्सबाईनं नको म्हनून सांगितलं व्हतं तरी दाबलं. माझ्या हातानं बिगाडलं आसंल तर मी भरून देन्याजोगी न्हाई, त्ये बी मला ठावं हाय. पर आता सांगती, ह्ये माज्या हातानं नीट हुनार न्हाई. कुनाच्याच हातानं न्हाई. सुरीवाल्याकडं न्या."

तीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. गोजराबाईंचा हात म्हणजे गोल डोकं, अशी त्यांची ख्याती. ती त्यांनी भर अंगणात स्वतःच्या हाताने खाली ठेवली. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि नोकरीचा गणवेश नसता तर पडलेही असते.

मग आतून अनुसया आली. सासऱ्यासमोर ती कधी उभी राहत नसे.

"पदरानं डोई झाकंल, मामंजी," ती म्हणाली. "आत मेंदूला जागा पुरंना झाली तर त्ये कशानं झाकू? मी जानार."

सोपान खाचरातून विळा घेऊनच आला होता. त्याने तो कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाला, "सकाळची येष्टी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही पाच जणं निघालो. अनुसया, सोपान, मी, अनुसयेच्या मांडीवर केशर, आणि हिरव्या चिंधीचा झुबका कमरेला खोचून गोजराबाई. पिरंगुट मागे पडलं. गोजराबाई हळूच म्हणाल्या, "माज्या हातानं झालं आसंल तर मी पुन्यांदा बाळाला हात लावनार न्हाई." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दवाखान्यात दोन दिवस तपासण्या झाल्या, फोटो काढले. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. उंचेपुरे, घाईत. केशरच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि अनुसयेला विचारलं, "आधीपासून असं होतं की वाढलं? कुणी मोजलंय का?"

मी वही उघडू लागले. गोजराबाईंनी कमरेचा झुबका काढून त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांनी विचारलं, हे काय? गोजराबाईंनी एकेक दोरा कधीचा ते सांगितलं. डॉक्टरांची घाई कुठच्या कुठे गेली. त्यांनी खुर्ची ओढली, पलंगावर सहाही दोरे सरळ केले, आणि शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. "या, बघा. बारा दिवस, दीड महिना, तीन महिने. आपल्या फायलींत सुद्धा इतकं नीट नसतं."

गोजराबाई तरीही तशाच उभ्या. म्हणाल्या, "सायेब, म्या वीस दिस दाबलं व्हतं. त्येनं झालं का?"

"नाही. मधली शिवण पोटात असतानाच जुळायला लागलेली असते. तुमच्या दाबण्याने जुळली नाही आणि उघडलीही नसती. दाबायचं मात्र नाही हां, कुणाचंच नाही."

"आनि गिराण?" हे अनुसयेने विचारलं. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"ग्रहण आकाशात होतं, बाई. तुमच्या पोटात नव्हतं. तुमचं काही चुकलेलं नाही."

अनुसया पलंगाच्या कडेला बसली आणि हमसून हमसून रडली. तीन महिने ती एका कापलेल्या दाव्याचं ओझं वाहत होती. गोजराबाई स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत राहिल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "म्हंजे शिवन आदीच पक्की मारली गेली, तर ती उसवायची. आनि मग कापड मोकळं."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाले. "शिवणीपाशी हाडाची पट्टी काढायची. मेंदू वाढतो आहे, तोच डोक्याला आकार देईल. आपण फक्त वाट मोकळी करायची."

शस्त्रक्रिया दिवाळीच्या आधी झाली. रक्त लागणार होतं, सोपानचं जुळलं. तीन तासांहून जास्त वेळ आम्ही जिन्यात बसून काढला. दरवाजा उघडला तेव्हा डॉक्टर आधी गोजराबाईंशी बोलले. "उसवली," एवढंच म्हणाले. आणि पंचवीस वर्षांच्या कडक नर्सबाई जिन्यात भोकाड पसरून रडल्या, हे मी लपवणार नाही.

आमची दिवाळी दवाखान्यातच झाली. केशरच्या डोक्याला पांढरी पट्टी, चेहरा सुजलेला, पण चौथ्या दिवशी ती बोळक्या तोंडाने हसली. बाराव्या दिवशी घरी सोडलं. मी उपकेंद्रात पोचल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे बाळांचे दोरे टांगायला सुतळी आणून भिंतीला खिळा ठोकला. आणि पुढच्या वर्गात सातही जणींसमोर सांगितलं, "गोजराबाईंनी पहिल्या दिवशी मला एक प्रश्न विचारला होता. माझं उत्तर चुकीचं होतं." शेळ्यांची गोष्टही त्यांच्या नावानिशी सांगितली. गोजराबाई म्हणाल्या, "लई येळ लावलासा." मग सगळ्या हसल्या, मीसुद्धा.

केशर रुंदीला वाढू लागली. दर महिन्याचा कानाचा दोरा आधीच्यापेक्षा लांब भरायचा आणि अनुसया तो शेजारणींना दाखवत हिंडायची. वर्षाच्या आत पोरीचं डोकं असं भरलं, की माहीत नसलेल्याला काही कळू नये. तिच्या पहिल्या वाढदिवसाला हैबतरावांनी गोजराबाईंना निरोप धाडला, लुगडं घ्यायला या. त्या आल्या आणि सवयीने मागच्या दाराकडे वळल्या. हैबतराव ओसरीवरून उठून उभे राहिले.

"गोजराबाई, हिकडनं या."

गाव ऐकत होतं. साठीच्या माणसाने जन्मभर "गोजरे" म्हटलं होतं. त्या ओसरीवर चढल्या, लुगड्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "लुगडं ऱ्हाऊ द्या. मला ही वसरी द्या."

"वसरी?"

"म्हयन्याच्या पैल्या सोमवारी. समद्या वाड्यांतली, समद्या वस्तीतली बारकी पोरं हितं आनायची आनि मोजायची. घरोघर हिंडून माजे गुडगं गेलं. एका जागी आसली की एकमेकांशेजारी ठिवून बघाय येतंय."

सारजाबाईचा चेहरा उतरला. वस्तीतली पोरं, ओसरीवर? हैबतरावांनी केशरकडे पाहिलं. ती त्यांचं धोतर धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती.

"आनायची," ते म्हणाले.

तेव्हापासून पहिल्या सोमवारी त्या ओसरीवर वाकळ अंथरली जायची. वरच्या आळीची, धनगरवाड्याची, बौद्धवस्तीची पोरं एका ओळीत उताणी, हातपाय झाडत. मी वही घेऊन, गोजराबाई दोरे घेऊन. पहिल्या वर्षी सारजाबाई आत बसायची. दुसऱ्या वर्षी दारात आली. तिसऱ्या वर्षी कुठलं तरी पोर भोकाड पसरतंय म्हणून तिने उचललं, आणि ते कुणाचं हे विचारायचं विसरली. हैबतराव खांबाला टेकून बसत आणि उगाच सूचना करत, "त्येचं आदी घ्या, त्ये रडतंय."

शहाऐंशी सालचा एक सोमवार. गोजराबाईंची नजर मंद झाली होती, म्हणून दोरा हैबतराव धरू लागले होते. वस्तीतल्या आनंदाचं दोन महिन्यांचं पोर होतं. हैबतरावांनी कानाचा दोरा धरला, मागचा त्याच्याशेजारी लावला, परत लावला.

"गोजराबाई," ते म्हणाले, "ह्यो दोरा हालंना."

गोजराबाईंनी पोराच्या डोक्यावरून बोट फिरवलं, मग मी फिरवलं. तीच धार. पण दोनच महिने झाले होते, पुष्कळ आधी सापडलं होतं. पोराची आई भीमाबाई, एकोणीस-वीसची पोर, तिने ऐकलं आणि पोराला उचलून छातीशी धरलं. म्हणाली, डोकं कापू द्यायची न्हाई, मेलं तर? आनंदा मजुरीला गेलेला. मी समजावलं, गोजराबाईंनी समजावलं. ती अंगणात उतरून घराकडे निघालीसुद्धा.

"केशर!" हैबतरावांनी हाक मारली.

केशर शाळेचं दप्तर टाकून बाहेर आली. सहा वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. आजोबांनी भीमाबाईकडे बोट दाखवलं. "दाव तिला."

पोरगी अंगणात धावली, भीमाबाईच्या पुढ्यात जाऊन मान खाली घातली, आणि दोन्ही हातांनी मधला भांग फाकवला. सगळ्यांसमोर, भर उन्हात, पांढरा बारीक व्रण दिसत होता.

"हितनं हितवर," केशर म्हणाली. "हात लावून बघ की. दुखत न्हाई."

भीमाबाईने बोट लावलं. मग पुन्हा लावलं. हैबतराव आत गेले आणि टोपी घालून, पायात वहाणा चढवून बाहेर आले. सोपानला म्हणाले, "मी चाललो हिच्यासंगं. दुपारची येष्टी हाय." आणि ओसरीच्या पायरीवर थांबून गोजराबाईंपुढे हात पसरला.

"दोरं द्या. डाक्टर मागत्याल."